मैदानाआधीचा कागद

'झुंड' पाहिलेल्या कुणालाही विचारा, उत्तर साधारण एकच येतं. पहिला भाग जबरदस्त, मध्यंतरानंतर पिक्चर लांबला. नागराज मंजुळेंचा हा पहिला हिंदी चित्रपट ४ मार्च २०२२ ला आला आणि तो जवळपास तीन तासांचा आहे. थिएटरमध्ये लोक निदान बसून राहिले. मोबाइलवर बघणाऱ्यांचा अंगठा मात्र मध्यंतरानंतर दहा सेकंद पुढे नेणाऱ्या बटणावर असतो. झोपडपट्टीतली मुलं आणि कॉलेजची टीम यांची मॅच एकदा झाली, आता पुढे काय बघायचं?

माझं म्हणणं उलट आहे. पहिला भाग छान आहे, पण तो आपण आधी पाहिलेला आहे. हरणारी टीम, चांगला कोच, शेवटी जिंकणं. दुसरा भाग मात्र भारतीय खेळपटांत जवळजवळ कुणीच न केलेली गोष्ट करतो. तो मैदान सोडून सरकारी खिडकीसमोर जाऊन उभा राहतो. आणि खेळाडू म्हणून कोण मोजला जातो, हे बहुतेक वेळा तिथेच ठरतं.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. नागपूरच्या एका कॉलेजात क्रीडाशिक्षक असलेले विजय बोराडे (अमिताभ बच्चन) निवृत्तीला आलेत. कॉलेजच्या भिंतीपलीकडे झोपडपट्टी आहे. तिथली मुलं पावसात प्लास्टिकच्या डब्याला लाथा मारत खेळताना त्यांना दिसतात आणि ते त्यांची फुटबॉल टीम बांधतात. हे पात्र विजय बारसे यांच्यावर बेतलेलं आहे. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात शिकवणाऱ्या बारसेंनी २००१ मध्ये जे काम सुरू केलं, ते आज 'स्लम सॉकर' म्हणून ओळखलं जातं. मध्यंतरानंतर या मुलांना परदेशातल्या स्पर्धेचं बोलावणं येतं. आता मॅच नाही, आता पासपोर्ट.

मोनिका (रिंकू राजगुरू) ही आदिवासी मुलगी खेळायला पात्र आहे का, हा प्रश्न तिच्या पायांवर सुटत नाही. तिचे वडील ओळखीच्या पुराव्यासाठी एका दारातून दुसऱ्या दारात फिरतात. डॉन (अंकुश गेडाम) टीममधला सगळ्यात धारदार खेळाडू, पण त्याच्यावर पोलीस केस आहे. म्हणजे आधी पोलीस, मग कोर्ट, मग पासपोर्ट, मग विमानतळ. बॉल यात कुठेच नाही. प्रेक्षक कंटाळतो, आणि मला वाटतं त्याने थोडं कंटाळावं अशीच रचना आहे. रांगेत उभं राहणं कंटाळवाणंच असतं. ती दोन मिनिटांच्या गाण्यात उरकली असती तर खोटी वाटली असती.

या सगळ्याला आपल्याकडे एक शब्द आहे, पात्रता. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, आणि पात्रता तपासणारा कोड लिहिणं हे माझ्या कामातलं सगळ्यात रटाळ काम. वय इतकं असेल तर, गुण इतके असतील तर, कागद जोडला असेल तर पुढे जा. नाहीतर लाल अक्षरात एक ओळ दाखव. अट लिहायला पाच मिनिटं लागतात. पण ती लाल ओळ वाचून कोण मागे फिरलं, हे अट लिहिणाऱ्याला कधी दिसत नाही. म्हणून खेळावरचा कुठलाही सिनेमा बघताना मी एक गोष्ट शोधतो. अट कुणावर आहे, आणि अट घालणाऱ्यावर काही अट आहे का?

या प्रश्नासाठी अमेरिकेकडे बघणं उपयोगी पडतं, कारण तिथे या अटीचा आख्खा धंदा झालाय. तिथला फुटबॉल म्हणजे हेल्मेट घालून, अंडाकृती चेंडू हातात धरून खेळायचा खेळ. शाळा संपल्यावर तीन वर्षं होईपर्यंत मुलाला व्यावसायिक लीगमध्ये, म्हणजे एनएफएलमध्ये, घेत नाहीत. मधली वर्षं कुठे काढायची? कॉलेजात. म्हणून कॉलेजचे कोच शाळेत शिकणाऱ्या पोरांच्या घरी जाऊन बसतात, स्कॉलरशिप देऊ करतात, आईशी गोड बोलतात. कॉलेजची मॅच ही तिथे किरकोळ गोष्ट नाही. मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये एक लाखाहून जास्त माणसं बसतात.

पण एवढं सगळं जुळलं तरी मुलगा 'पात्र' असावा लागतो. एनसीएए ही संस्था कॉलेजच्या खेळांचे नियम करते. तिच्या वरच्या विभागात खेळायचं तर शाळेत ठरावीक १६ मुख्य विषय पूर्ण हवेत आणि त्यांत ४ पैकी किमान २.३ सरासरी हवी. पूर्वी यासोबत सॅट किंवा एसीटी परीक्षेचे गुणही लागायचे. ती अट जानेवारी २०२३ मध्ये काढली. त्या अटीवर भांडण फार जुनं होतं. १९८६ पासून तसा नियम लागू झाला, आणि गरीब शाळांतली कृष्णवर्णीय मुलंच त्यात जास्त अडकतात असा आरोप झाला. पुढे नियम आणखी कडक होतोय म्हटल्यावर जॉर्जटाउनचे बास्केटबॉल कोच जॉन थॉम्पसन जानेवारी १९८९ मध्ये मॅच सुरू होण्याआधी कोर्टवरून सरळ निघून गेले.

हा विषय घेऊन हॉलिवूडने केलेला सगळ्यात गाजलेला सिनेमा म्हणजे २००९ चा 'द ब्लाइंड साइड'. मायकल लुईस यांच्या २००६ च्या पुस्तकावर तो बेतलाय आणि सँड्रा बुलकला त्यासाठी ऑस्कर मिळालं. बेघर, धिप्पाड, अबोल मायकल ओहर याला एक श्रीमंत गोरं कुटुंब घरात घेतं आणि तो कॉलेज फुटबॉलपर्यंत पोचतो. गुणांचा प्रश्न सिनेमात आहे. घरी शिकवणी लावली जाते, आकडा हळूहळू वर चढतो, सगळे आनंदाने रडतात. पुस्तकात याहून खडबडीत तपशील आहे. शाळेतले नापास शेरे पुसण्यासाठी एका विद्यापीठाचे काही दिवसांत उरकणारे ऑनलाइन कोर्स केले गेले. नियमात ती पळवाट होती, ती वापरली. सिनेमा मात्र हे सगळं एका कुटुंबाच्या मायेचं फळ म्हणून दाखवतो.

माझी तक्रार इथे आहे. 'ब्लाइंड साइड'साठी पात्रता म्हणजे नायिकेने ओलांडायचा एक अडथळा. मुलाला काय शिकवलं गेलं नाही, आणि का, हा प्रश्न तो विचारतच नाही. ज्या शाळांनी त्याला वर्षानुवर्षं वर ढकललं, त्या पडद्यावर येतात आणि कुणाला काही न विचारता निघून जातात. आणि ज्याची ही गोष्ट, तो तर गोष्टीत सगळ्यात कमी बोलतो. आपल्याला सिनेमात मठ्ठ दाखवलं, अशी नाराजी ओहरने पुढे स्वतःच्या पुस्तकात मांडली. ऑगस्ट २०२३ मध्ये तो कोर्टात गेला. आपल्याला दत्तक घेतलंच नव्हतं, फक्त कायदेशीर पालकत्वाच्या कागदावर सही घेतली होती, असं त्याचं म्हणणं. कुटुंबाने पैशांबाबतचे आरोप नाकारले. पण पुढच्याच महिन्यात कोर्टाने ते पालकत्व संपवलं. सिनेमात सुखान्त म्हणून दाखवलेल्या गोष्टीमागेही शेवटी एक कागदच निघाला.

त्यापेक्षा कितीतरी प्रामाणिक काम नेटफ्लिक्सच्या 'लास्ट चान्स यू' या माहितीपट मालिकेने केलंय. २०१६ चा पहिला सीझन मिसिसिपीतल्या स्कूबा नावाच्या एवढ्याशा गावातल्या ईस्ट मिसिसिपी कम्युनिटी कॉलेजवर आहे. मोठ्या कॉलेजांनी गुणांमुळे किंवा वागण्यामुळे नाकारलेली मुलं इथे येतात, टीमही जिंकते आणि पासही व्हायचं बघते, म्हणजे पुन्हा मोठ्या कॉलेजात जाता येईल. कोच आरडाओरडा करतो, टॅकल होतात, हाडं मोडतात. पण मालिकेची खरी नायिका आहे ब्रिटनी वॅगनर, शैक्षणिक सल्लागार. तिचं काम एकच, मुलांना पात्र ठेवणं. वर्गाला निघालेल्या दांडग्या खेळाडूला ती विचारते, पेन्सिल आहे का? बहुतेकदा नसते. ती पेन्सिल देते. वर्गात गेला की नाही, असाइनमेंट दिली की नाही, फोन करून, मेसेज करून, मागे लागून ती बघते.

रॉनल्ड ओली हा त्यातला एक. लहानपणीच आईबाप गमावलेला, मैदानावर भिंतीसारखा, वर्गात बाकावर आडवा होणारा. ब्रिटनी आणि ओली ऑफिसात बोलत बसतात, ते प्रसंग मला सगळ्या मॅचपेक्षा जास्त लक्षात राहिलेत. अट पुरी करायची तर कुणीतरी रोज, कंटाळा न करता, शेजारी बसावं लागतं, हे इथे पहिल्यांदा नीट दिसतं. अट कॉलेजची, पण ती पुरी करण्याचं ओझं एका बाईच्या आणि वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर. कॅमेरा हे दाखवतो आणि भाषण देत नाही.

ब्रिटनीसारखं कुणी नसलं की काय होतं, त्याचंही उदाहरण आहे. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात १९९३ ते २०११ या काळात एका विभागात कागदोपत्री वर्ग चालले. हजेरी नाही, शिकवणं नाही, शेवटी एक निबंध द्यायचा आणि चांगले गुण घ्यायचे. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार सुमारे ३,१०० विद्यार्थी या वर्गांतून गेले आणि त्यांत जवळपास निम्मे खेळाडू होते. एनसीएएने २०१७ मध्ये सांगितलं की आम्ही यावर कारवाई करू शकत नाही, कारण हे वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते. म्हणजे एका मुलाची सरासरी २.२ असेल तर तो अपात्र, आणि विद्यापीठाने अठरा वर्षं न शिकवता गुण वाटले तरी ते पात्र. अट घालणाऱ्यावर अट नसते, ती अशी.

आता आपल्याकडे येऊ. आमच्या सिंधुदुर्गात कॉलेजचा कोच घरी येऊन आईशी गोड बोलतो असं काही नाही. मालवणात उलट आई विचारते, "खेळान काय पोट भरतला रे?" आपल्याकडे खेळाडूला उचलायचं काम कॉलेजांनी केलंच नाही. ते केलं मुंबईच्या कंपन्यांनी, बँकांनी, रेल्वेने, पोलिसांनी. कोकणातल्या कबड्डीपटूचं स्वप्न म्हणजे महिंद्र, भारत पेट्रोलियम अशा टीममधून खेळणं आणि त्याबरोबर येणारी नोकरी. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली, लिलाव टीव्हीवर दिसायला लागले, तरी घरचे अजून विचारतात ते नोकरीचंच. राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी २००५ पासून ५ टक्के आरक्षण आहे. रेल्वेतही खेळाडू कोटा आहे. पण तिथेही अगदी खालच्या पदाला दहावी पास लागतं, वर जाल तशी बारावी आणि पदवी. म्हणजे आपल्या खेळाडूची पात्रता फिरून फिरून दहावीच्या गुणपत्रिकेवर येते.

आणि तिथे आपण एक उदार व्यवस्था केलीय, क्रीडा गुण. ठरावीक पातळीवर खेळलेल्या मुलाला दहावी-बारावीला जास्तीत जास्त २५ वाढीव गुण मिळतात. शाळेने प्रस्ताव करायचा, तो जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातून शिक्षण मंडळाकडे जायचा. हेतू चांगलाच आहे. मैदानावर वेळ घालवणाऱ्याचं वर्गात नुकसान झालं, त्याची भरपाई. पण भरपाईचा अर्थ काय होतो, हे मी वर्गात बघितलंय.

आमच्या बॅचला एक चढाईपटू होता. त्याचं नाव नको. रात्रीच्या मॅचला दिव्यांखाली तो मध्यरेषेवर आला की समोरची सातही पोरं एक पाऊल मागे सरायची. गणितात कच्चा. गणिताचे सर त्याला वर्गात म्हणायचे, तुझं काय, तुला २५ आहेतच. हे ते प्रेमाने म्हणायचे. पण त्या वाक्यानंतर त्याला कुणी गणित शिकवलं नाही. त्यालाही वाटलं, आहेतच. मग शाळेच्या ऑफिसातून प्रस्ताव वेळेत गेलाच नाही. कुणाच्या टेबलावर राहिला, कुणी सांगितलं नाही. तो गणितात राहिला, ऑक्टोबरला बसला, पुन्हा राहिला आणि मग रापणीला जायला लागला. आता तो पर्यटकांना समुद्राखाली मासे दाखवायला नेतो. तिथेही डायव्हिंगचं प्रमाणपत्र लागतं. "पेपर इंग्लिशीत होतो," तो मला म्हणाला. "पाण्यात माका कोण हरवतलो?" त्याने ती परीक्षा मात्र काढली, कारण या वेळी एक सीनियर डायव्हर रोज रात्री त्याच्या शेजारी बसला होता. त्याला ब्रिटनी भेटली ती अशी, दहा वर्षं उशिरा.

त्याच्याशी बोलताना माझ्या लक्षात आलं की अमेरिकेचा नियम आणि आपली सवलत वरून विरुद्ध दिसतात, पण आतून एकच काम करतात. तिकडे म्हणतात, गुण आण, नाहीतर खेळू देणार नाही. इकडे म्हणतात, तू खेळ, गुण आम्ही देऊ. दोन्हीकडे मधली गोष्ट गळते, शिकवणं. कोकण मंडळाचा दहावीचा निकाल दरवर्षी राज्यात पहिला असतो. २०२५ ला तो ९८.८२ टक्के होता, राज्याचा ९४.१०. आम्हाला त्याचा अभिमान आहे आणि असावाच. पण जिथे शंभरातली नव्व्याण्णव मुलं पास होतात, तिथे उरलेल्या एकाला काय झालं हे विचारायलाही कुणी उरत नाही. दुसऱ्या टोकाला त्याच वर्षी राज्यात २११ मुलांना दहावीला १०० टक्के मिळाले. अशा शंभर टक्क्यांत कला-क्रीडेच्या वाढीव गुणांचा हात असतो, हे दर निकालाला पेपरात येतं. बुडणाऱ्याला म्हणून टाकलेला दोर शिखरावर बसलेल्यालाही तितकाच पोचतो. त्या मुलांचा यात काही दोष नाही. पण सवलत कुणासाठी होती, हे आपण विसरलो.

हे सगळं डोक्यात ठेवून पुन्हा 'झुंड'कडे गेलं की त्याचं मोठेपण आणि त्याची उणीव, दोन्ही नीट दिसतात.

मोठेपण असं की मंजुळे पात्रतेच्या प्रश्नाला गुणांच्याही अलीकडे नेतात. 'ब्लाइंड साइड'च्या मुलाकडे निदान नापासाची गुणपत्रिका आहे. मोनिकाकडे आपण कोण हे सांगणारा कागदच नाही. ज्या देशात तिचे पूर्वज सगळ्यांच्या आधीपासून राहतात, तिथे तिच्या वडिलांना ती इथलीच आहे हे सिद्ध करावं लागतं. मंजुळे यावर रागाचं भाषण लिहीत नाहीत. ते बापाला चालायला लावतात आणि आपल्याला त्याच्याबरोबर चालवतात. डॉनच्या बाबतीतही तो निर्दोष आहे असा सोपा बचाव ते करत नाहीत. एकदा चुकलेल्या पोराला दुसरी संधी कुणाच्या सहीने मिळते, एवढंच ते विचारतात. कोर्टात बोराडे सर त्याच्यासाठी बोलतात तो प्रसंग मला थोडा अमिताभच्या वजनाने वाकलेला वाटतो. ते वजन डॉनच्या वाट्याला यायला हवं होतं. पण विमानतळावरच्या तपासणीत डॉनच्या चेहऱ्यावर जे येतं, त्याला एकही संवाद लागत नाही. तो क्षण मी पाहिलेल्या कुठल्याही फायनल मॅचपेक्षा जास्त ताणलेला आहे.

उणीव अशी. बोराडे सर कॉलेजात शिकवतात. मुलं भिंतीच्या पलीकडे राहतात. त्यांची टीम कॉलेजच्या टीमशी खेळते. पण या मुलांतल्या कुणाला त्या कॉलेजात प्रवेश मिळेल का, हा प्रश्न तीन तासांत चित्रपट विचारत नाही. शाळा या चित्रपटात मुद्दा म्हणून जवळजवळ येतच नाही. फुटबॉल मुलांना नशेपासून आणि चोऱ्यांपासून दूर नेतो, परदेशात नेतो. कॉलेजच्या फाटकातून आत मात्र नेत नाही. आंबेडकर जयंतीचा इतका जिवंत, नाचणारा प्रसंग ज्या चित्रपटात आहे, त्यात शिक्षणाबद्दल ही शांतता मला खटकते. शेवटी विमान त्या भिंतीवरून उडतं. दृश्य सुंदर आहे. पण भिंतीवरून उडून जाणं आणि भिंतीत दार पाडणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरी जास्त मुलांच्या कामाची आहे.

यावर कुणी म्हणेल, प्रत्येक सिनेमाने सगळे प्रश्न सोडवायचे का? सोडवायचे नाहीत. पण 'फँड्री'त शाळेच्या भिंतीवरच्या चित्रांसमोरून डुक्कर नेणारी माणसं दाखवून ज्याने आख्ख्या शिक्षणव्यवस्थेला एका फ्रेममध्ये उभं केलं, त्याच दिग्दर्शकाकडून ही अपेक्षा आहे. दुसऱ्या कुणाकडून मी ती केली नसती.

मला एक सिनेमा बघायचाय. त्यात एका तालुक्याच्या गावात क्रीडा गुणांचे प्रस्ताव भरणारी एखादी क्लार्क बाई असेल, किंवा रात्री मैदान बंद झाल्यावर चढाईपटूला समीकरणं शिकवणारा कुणी असेल. शेवटी मॅच नसेल तरी चालेल. असा सिनेमा येईपर्यंत 'झुंड'चा दुसरा भाग हाच आपल्याकडचा सगळ्यात जवळचा प्रयत्न आहे. पुन्हा लावलात तर मध्यंतरानंतर अंगठा आवरा. मोनिकाचे वडील एकेका खिडकीसमोर उभे राहतात, तेव्हा त्यांना काय काय सिद्ध करावं लागतं ते मोजा. आणि मग खिडकीपलीकडे बसलेल्याला काय सिद्ध करावं लागतं, तेही मोजा.